थंडीत साठ डिग्री

तर मंग तुम्हीच सांगा, सन दोन हजार सहा, डिसेंबरचा दुसरा आठवडा, दुसऱ्या वेच्याचा कापूस नुकताच घरात येऊन पडलेला, अन् अशा वक्ताले कोणी शहाणा माणूस घरात तापणारी वस्तू आणते काय? आणते काय? माह्या पोरानं आणली! प्रेमनं! बारावी शिकलेल्या! मी चौथीतून उठलेला माणूस, पण मले बी समजते ना... घरात कापूस आहे, बाप्पा!

कापूस म्हंजे किती, तर खोलीभर. भाव पडलेला, खरेदी केंद्राले कुलूप, मंग ठेवता कुठं? आमचा तांडा आर्णीहून सात किलोमीटर, ज्या घरात डोकावसान तिथं तेच, माणसं ओसरीत अन् कापूस पंख्याखाली. मी तर चूल बी बाहेर काढलेली. लालीबाई, म्हंजे माही घरवाली, आंगणात कुडकुडत भाकरी थापे अन् मले शिव्या दे. म्हटलं, दे. शिव्यानं कापूस पेटत नाही.

अन् त्याच खोलीत प्रेमचं कम्प्युटर. काहून? तर घरात प्लग एकच. कापसाच्या अन् त्याच्या मधात फक्त एक बारदान्याचा पडदा. प्रेम त्याच्यावर लग्नपत्रिका बनवते. ऐन लग्नसराईच्या तोंडावर त्यातली हार्ड डिस्क मेली. त्या डब्याची सारी आठवण तिच्यात राहते म्हणे. गेला आर्णीले, पियूषच्या दुकानात. हा पियूष कचेरीतल्या साहेबाचा पोरगा, बोलते कसा, तर पुस्तकातल्यासारखा. "प्रेमभाऊ, नवी यायला पंधरा दिवस लागतील. तोवर ही न्या, पैसे नकोत. सर्व्हरची आहे. नागपूरच्या एका मोठ्या ऑफिसातून निघाली. ही मरत नाही!"

मरत नाही! अरे, मारते का ते विचार ना पहिले!

प्रेमनं ते बसवली, तिच्यासाठी एक वेगळं कार्ड, एक जाडी वायर, डब्याचं झाकण उघडंच, अन् दाबलं बटन. ऊंऽऽऽ... मी तीस हंगाम जिनिंगमध्ये काम केलेला माणूस, मशीन कोणती रडते अन् कोणती गाते ते मले समजते. पण हा आवाज बसायचं नावच घेईना, चढतच गेला, चढतच गेला! टेबल थरथरे. टेबलावरचा गिलास सरकत सरकत काठावर आला.

"प्रेम, हे काय होऊन राह्यलं?"

"बा, मिनिटाले दहा हजार चकरा मारते ते."

"कायले?"

"सर्व्हरची आहे ना, बा."

हे काय उत्तर झालं? सर्व्हरची आहे! घरात कापूस आहे!

अर्ध्या तासानं मी तिले बोट लावलं. बोट असं मागं आलं का तोंडातच गेलं. प्रेमच्या हातून मोबाइल हिसकला, लावला पियूषले. "काका, घाबरू नका. ती ज्या खोलीत असते ना, तिथं दिवसरात्र एसी चालतो. घरात थोडी गरम होणारच." म्हटलं, थोडी म्हंजे किती? "साठपर्यंत चालतं, काका." साठ काय? "साठ डिग्री."

साठ! आपल्या यवतमाळात मे महिन्यात पंचेचाळीस झाले का आपण दारं लावून घेतो, कावळे विहिरीत उतरून बसतेत, अन् हे थंडीत साठ डिग्री! अन् हा म्हणते चालते!

"प्रेम, बंद कर."

"बा, तिले सारखं बंद-चालू सोसत नाही. ते पाच-पाच वर्सं झोपत नाही."

"अन् आपल्याकडं बारा तास लाइन जाते त्याचं?"

 तिची बी पंचाईतच झाली असन म्हणा, एसीतली आणून तांड्यात टाकली! लाइन गेली का टक्कन मरे, लाइन आली का ऊंऽऽऽ करून उठे, अन् तिच्यासंग मी उठे. जेवता जेवता उठे. एकदा लोटा घेऊन नाल्याकडं गेलतो, तिकून लाइन आल्याचा गलका ऐकला... लोटा तिथंच टाकून पळत आलो. हसता काय? घरात कापूस होता, बाप्पा!

दोन दिवस बादली घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी मले अक्कल सुचली. पियूष म्हणे ना एसी? एसी नाही, कूलर तर आहे! माळ्यावरून खाली काढला, त्याच प्लगवर प्रेमच्या पट्टीत पिन खोचली, वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या, टाकी भरली, तोंड डिस्ककडं. डिसेंबर महिन्यात! लालीबाईनं पाह्यलं. "मले उन्हाळ्यात कधी असा लावून देल्ला काय?"

म्हटलं, "तू साठ होत नाहीस."

"होऊन दाखवू काय?"

पण डिस्क गार झाली. माठासारखी! लाइन असन तितका वेळ कूलर, अन् मी कानाले मफलर बांधून, तिच्यावर हात ठेवून. चार दिवस. तापलेल्या पोराच्या कपाळावर माय ठेवते तसा हात. जरा निवांत झालो. थोडासा हसलो बी असन.

कूलर लावल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी लालीबाई वातीसाठी कापूस घ्याले पडद्यामागं गेली. गंजीत कोपरापर्यंत हात घातला अन् किंचाळली, "अगे याडी, माय वं! आग इकडं आहे!"

कूलरची टाकी गंजलेली. चार दिवस थेंब थेंब पाणी खालून कापसाखाली गेलं. अन् ओला कापूस गंजीत आतून तापते, पेटते, हे तांड्यातल्या शेंबड्या पोराले ठाऊक आहे. मले ठाऊक नव्हतं काय? होतं. पण मी पहाऱ्यावर होतो ना... भलतीकडं तोंड करून! मी हात घातला. चटका. बाहेर काढला तर हातासंग वाफ.  तीस हंगामात एक जिनिंग जळताना पाह्यलं होतं मी, ते सारं डोळ्यापुढं आलं.

अन् मी ओरडलो. जन्मात कोणाले मदतीले आवाज देल्ला नव्हता, त्या दिवशी देल्ला. अकरा घरची माणसं टोपले-डाले घेऊन धावली. भरा, बाहेर फेका, पसरा! शेजारचा अमरसिंग सगळ्यात पुढं, डोक्यावर डालं, अन् तशात मले विचारते, "शंकरसिंग, डिस्क कशी आहे?"

"गार आहे."

"मंग झालं तर!"

सारा तांडा हसे अन् डाले उचले, हसे अन् उचले. दिवस बुडता बुडता खोली रिकामी झाली. पेटला नाही. खालचा थर पिवळा पडला, तेवढंच.

डिस्क दुसऱ्याच दिवशी पियूषले वापस. "काका, कशी चालली?" म्हटलं, तिचं काही म्हणणं नाही.

अन् तांड्यात अशा कामाचे पैसे घेत नाहीत. दिवसाले दिवस फेडायचा, त्यांच्या वावरात राबून. अकरा घरं, अकरा दिवस. या वयात. ज्या घरी गेलो तिथं, "काका, ऊन लागते काय, कूलर आणू?" ऐकून घेतलं. शेवटचं घर उकंडा नावाच्या गड्याचं. त्यानं त्या दिवशी एक डालं उचललं नव्हतं, आमच्या दाराशी बसून फक्त हसला होता. लालीबाई म्हणे, त्याचा दिवस कायले? म्हटलं, आला होता ना?

दिवसभर त्याची तूर झोडपली. फिटलं.