पत्रकावरची उडी

—नाही, तो फोटो नको. तारीख बदलते, मैदानाचा पत्ता बदलते, 'चाळिशीच्या पुढचे सगळे या' ही ओळही ठेवते, पण उडी मारणारा माणूस काढावा लागेल. त्याच्यामुळे पत्रकाला उठाव आहे, माहितेय मला — गेल्या वर्षी मीच केलं होतं, याच टेबलावर. तुम्ही व्हॉलीबॉल लीगचे सेक्रेटरी यंदा झालात, तुम्हाला कुठून माहीत असणार. बसा ना. ती खुर्ची डगमगते, ही घ्या.

तो माझा नवरा.

नाही, नाही, आहे. घरी आहे. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, बाकी भरवलं की जेवतो, खिडकीपाशी बसवलं की बसतो. — हा पिवळा भडक वाटतोय का? छापल्यावर थोडा उतरतो, काळजी करू नका. — तर फोटो. मूळ फोटोत अकरा जण होते आणि हा मागे, नेटच्या कडेला. मी त्याला कापून पुढे आणला, पानभर मोठा केला, बाकीचे धूसर. तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, घरचा माणूस म्हणून होय? मी म्हटलं, उडी बघा ना कशी आहे. उडी चांगलीच होती. दोन वर्षांपूर्वीची होती, एवढंच.

आता कसं सांगू — तो मंगळवारी-शुक्रवारी पाचला बॅग घेऊन निघायचा, साडेसातला यायचा आणि जर्सी धुवायला टाकायचा. आणि त्या जर्सीला घामाचा वास नसायचा. दोन-दोन तास व्हॉलीबॉल खेळलेल्या माणसाची जर्सी, आणि इस्त्रीची घडी तशीच. दोन महिने मी स्वच्छ कपडे धुतले. विचारलं का? नाही विचारलं. विचारायचं कशाला, मला कळलंच होतं — म्हणजे वाटलं होतं. बायकोला काय वाटणार? तेच. बहीण म्हणाली, मागे जाऊन बघ एकदा. मी म्हटलं, मी कशाला पायपीट करू, सगळ्या गावालाच लावते त्याच्या मागे. चौकात तोच, किराणावाल्याच्या दारात तोच, दवाखान्याच्या भिंतीवर तोच. मग बघू म्हटलं, मैदान सोडून कुठे जातोस ते. हे मी अजून कुणाला — असो. मोबाइल नंबर तुमचाच टाकायचा ना?

पहिलं पत्रक मीच घरी नेलं. तोंड बघायचं होतं त्याचं. बराच वेळ हातात धरून बसला, मग म्हणाला, "अगं, एवढा उंच उडायचो मी?" बस, एवढंच. त्या आठवड्यापासून जर्सी ओली यायला लागली. मी पिळून बघायचे. वाटायचं, जिरवली. आणला वठणीवर.

तिसऱ्या आठवड्यात मैदानावरच पडला. दवाखान्यात बसल्या बसल्या मी त्याची बॅग उपसली, तर आतल्या कप्प्यात डॉक्टरांचा कागद — रक्तदाब फार आहे, खेळ पूर्ण बंद. तारीख पत्रकाच्या दोन महिने आधीची. तुमचा तो उंच कॅप्टन शेजारीच उभा होता. म्हणाला, बाकावर बसून गुण लिहायचा हो तो आमचे, घरी बोलू नका म्हणायचा, बायको काळजी करत बसेल. मग पत्रकं लागली आणि ही पोरं — पोरं कसली, पन्नाशीचे घोडे — चिडवायला लागली, भिंतीवर उडतोस आणि इथे बसतोस होय? मग उठला.

रडू येत नाही मला. लोक तोंडाकडे बघत राहतात, आता येईल, आता येईल. मी त्याला भरवते, तोंड पुसते, इथे येते, पत्रकं करते. काल पोहण्याच्या वर्गाचं केलं. बाई हसरी हवी म्हणाले, लावली हसरी. — त्याला? नाही, त्याला माहीत नाही मी का लावला होता ते. सांगून काय करू, त्याला उलट बोलताही यायचं नाही. डावा हात माझ्या हातावर ठेवतो अधूनमधून. तेव्हा वाटतं सांगावं. मग कुकर लावायचा असतो.

हे बघा. नेट ठेवलीय, चेंडू ठेवलाय, माणूस नाही. ओकंबोकं दिसतंय तर दिसू दे, वेळ आणि ठिकाण ठळक आहे, लोक तेवढंच वाचतात. — नको, घरी भेटायला नका येऊ. खरंच नको. शुद्धलेखन एकदा नजरेखालून घाला आणि सही इथे करा. उद्या दुपारी गठ्ठा तयार असेल. न्यायला दुसऱ्या कुणाला पाठवलंत तरी चालेल.