नानांच्या टाकीतलं पाणी

इथे जमलेल्या सगळ्यांना जय भीम. कामधंदा टाकून, एवढ्या उन्हातून तुम्ही नानांसाठी आलात. मला चार माणसांसमोर बोलायची सवय नाही. आज तर फारच जड जातंय. कारण मला जे सांगायचंय, ते गेलेल्या माणसाच्या जलदान विधीच्या दिवशी कोणी सांगत नाही.

नाना माझे चुलते. गावात सगळे त्यांना रंगवाले नाना म्हणायचे. विटलेला गणवेश, जुनी साडी, परकराचं मॅचिंग, सगळं त्यांच्या भट्टीवर रंगून निघायचं. माझी पहिली शाळा तीच. उरलेल्या रंगात बोट बुडवून मी ओट्यावर अक्षरं गिरवली. वेलांटी चुकली तर नाना ओला फडका पुढे करायचे. ओरडायचे नाहीत.

त्या भट्टीचं पाणी ओढ्यात जायचं. खाली रखमाक्का धुणं घेऊन बसलेल्या असायच्या. तिथून म्हणायच्या, "नाना, आज वढा कुनाच्या हळदीला निघालाय?" सगळे हसायचे. नानाही हसायचे. पण त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही.

म्हणून मी कॉलेजात रंगाच्या पाण्यावरच काम घेतलं. नानांनी परसात टाकी बांधू दिली. तुम्ही ती पाहिली आहे. उतरत्या फरशांवर एक पांढरी भुकटी बसवली आहे. भिंतीच्या रंगात असते तीच, पण फार फार बारीक केलेली. नॅनो म्हणतात तिला. तिच्यावर ऊन पडलं की वरून वाहणाऱ्या पाण्यातला रंग तुटत जातो. सकाळी लाल असलेलं पाणी दुपारी नितळ दिसतं.

नानांनी ते पेल्यात घेऊन उन्हात धरलं. "काय गं मास्तरीण, झालं साफ?"

"रंग गेलाय, नाना. तपासणी बाकी आहे."

"अगं, आपलं भांडण रंगाशीच हाय ना?"

मी गप्प बसले.

गप्प बसायला नको होतं. रंग तुटतो म्हणजे त्याचे तुकडे होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्यात असू शकतात. कधी कधी ते मूळ रंगापेक्षाही वाईट असतात. फरशीवरची भुकटीही थोडी सुटून येते. आपल्या टाकीच्या पाण्यात यातलं काय आहे, मला माहीत नाही. ती तपासणी अजून झालेली नाही.

मग नाना आजारी पडले. भेटायला येईल त्याला सांगायचे, "आमच्या पोरीनं पानी साफ केलं." मी उशाशी बसून ऐकायचे. मनाशी म्हणायचे, नाना बरे झाले की सांगू. त्यांचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. आणि खरं सांगते, मला ते ऐकायला आवडतही होतं. याची मला फार लाज वाटते.

आत्ता आपल्या विहाराचं काम बघणाऱ्या बापूंनी जाहीर केलं, नानांच्या आठवणीसाठी इथे पिंपळ लावायचा आणि त्याला रोज नानांच्याच टाकीचं पाणी द्यायचं. काकूंनी डोळे पुसले. हंडाही भरून आणलाय. बापू, तुमची माया मला कळते. पण पिंपळासाठी खणलेला हा खड्डा विहाराच्या विहिरीला लागून आहे. मुळाशी रोज जे घालू, ते एक दिवस विहिरीत उतरेल. तिथून तुमच्या घरात. नानांच्या नावाने मी ते कसं घालू देऊ?

कोणी म्हणेल, आजच बोलायचं होतं का? नाही. ते असताना बोलायचं होतं. ते रागावले असते, माझ्याशी बोलले नसते. पण टाकीचा नळ त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला असता.

काकू, मला माफ करा. त्यांनी ज्याचा अभिमान धरला, ते काम मी अपुरं ठेवलंय.

हा हंडा मी टाकीत परत ओतणार आहे. पिंपळाला विहिरीचं पाणी घालू. बापू, तुम्हीच कळशी घेऊन जा. तुम्ही पाणी शेंदून परत येईपर्यंत आम्ही सगळे नानांसाठी उभे राहतो. कोणी काही बोलू नये.