सुवार्तम्मांनी ढकललेलं यंत्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. विरुपण्णा साहेब, प्रमुख पाहुण्या नगराध्यक्षा ईरम्माजी, व्यासपीठावरील मान्यवर, दवाखान्यातले माझे सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सिस्टर सुवार्तम्मा, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. सिस्टर वेळेच्या पक्क्या, डब्यातली कडक भाकरी वॉर्डभर वाटणाऱ्या, आणि माझ्यासारख्या डॉक्टरांना तोंडावर सुनावणाऱ्या. हे सगळं खरं. म्हैसुरी फेटाही त्यांना शोभतो आहे. (हसू नका सिस्टर, खरंच शोभतोय.) पण एकतीस वर्षं राबून या बाई साध्या स्टाफ नर्स म्हणूनच का निवृत्त होताहेत, हा प्रश्न इथे कोणालाच पडला नाही का? मला तो नऊ वर्षं छळतो आहे, कारण उत्तर मला ठाऊक आहे.

नऊ वर्षांपूर्वी हुलिगेम्मा नावाची सहा दिवसांची बाळंतीण आली. दम लागलेला. छातीत शिट्टी ऐकू आली आणि मी दमा ठरवून मोकळा झालो. वाफ दिली, सलाईन लावलं. दम वाढतच गेला. सिस्टर म्हणाल्या, "सार, ही आडवी होत नाहीये. दमा दमा काय करताय? छातीवर मशीन लावून बघा की!"

सोनोग्राफीचं यंत्र अंगणापलीकडच्या खोलीत. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे कोणी चोरून बघू नये म्हणून ते खोलीबाहेर न्यायला बंदी, आणि किल्ली माझ्याकडे. बाईला तर स्ट्रेचरवर निजवता येईना. मी किल्ली काढून दिली. म्हणालो, "आणा इकडे. मी बघतो."

सिस्टरांनी ते धूड एकटीने फरशीवरून ढकलत आणलं. मी बरगड्यांमध्ये यंत्राचा प्रोब टेकवला. पडद्यावर पांढऱ्या रेघा, वरून पार खालपर्यंत, काठीवर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या. दोन्ही बाजूंना तेच. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. बाईचं हृदय थकलं होतं आणि मी वरून सलाईन ओतत होतो! ते बंद केलं, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. तासाभराने हुलिगेम्मा उशीला टेकली आणि बाळाला मागू लागली.

पुढे कोणीतरी तक्रार केली. चौकशीला माणसं आली. "यंत्र कोणी हलवलं?" सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरकडे बघितलं.

"मी हलवलं," त्या म्हणाल्या.

मग मी लेखी दिलं की यंत्र माझ्या परवानगीशिवाय हलवलं. साहेब, त्या एका ओळीने सिस्टरांची बढती दोनदा अडली. माझी एकदाही नाही.

नंतर मी विचारलं होतं, "माझं नाव का नाही घेतलं?"

"घेऊन काय करू? तुम्हाला घालवलं असतं, तर त्या रेघा बघायला इथे दुसरं होतं कोण? मला नुसतं ढकलता येतं, सार." आणि जाता जाता म्हणाल्या, "तुम्हाला नुसतं बघता येतं."

मला लाज वाटते. आजही वाटते.

अध्यक्षसाहेब, त्या दिवशी खरं काय झालं ते मी या पत्रात लिहून, सही करून आणलं आहे. त्याचं माझ्या नोकरीवर जे व्हायचं ते होवो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पदरात घ्यावं. गप्प राहण्याबद्दल मात्र मी फक्त सुवार्तम्मांची माफी मागतो.

सिस्टर, ती शाल क्षणभर बाजूला ठेवा. साहेबांच्या हाती जाण्याआधी हे पत्र तुम्ही वाचा. कुठे मी पुन्हा स्वतःला वाचवलं असेल, तर इथेच, सगळ्यांसमोर सांगा. तोवर मी खाली बसत नाही.