येसराच्या आमटीत चमचाभर काळं

तुळजापूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी दर्शन करून लोहाऱ्याच्या गाडीची वाट बघत होत्या.

"आक्का, सुनंच्या भावानं ऑस्ट्रेलियातनं धाडलेली ती यीस्टची काळी चटणी फेकली का?"

"म्या तर त्याच दिवशी म्हणलं, असलं खारट-कडू वंगण बैलगाडीच्या चाकाला लावा."

"मग?"

"सूनबाईनं, अक्षदानं, बरणी पिठाच्या डब्यामागं दडवली. आता माझ्या येसराच्या आमटीत रोज चमचाभर घालती, मला चोरून."

"आन् तुमी गप?"

"तुझे दाजी दुसरी वाटी मागून घेत्यात. शेजारणी येसराची कृती विचारत्यात. गप बसू न्हाय तर काय करू?"

"म्हंजी तुमालाबी आवडतंय!"

"हळू बोल. लई आवडतंय. पर बरणी तळाला गेली ना."

"मग सुनंला सांगा, दुसरी मागव."

"वंगण म्हणून बसले, आता कुठल्या तोंडानं सांगू? तुझी पोरगी करिश्मा मोबाईलवर सामान मागवती न्हवं? तिला एक मागवायला लाव. म्या गुपचूप जुन्या बरणीत भरत जाईन."

"आन् अक्षदानं विचारलं, बरणी संपत कशी न्हाय, तर?"

"कुणाला विचारंल? दडवलीय तर तिनंच. भवानीआईची कृपा म्हणंल, आन् माझ्यासारखीच गप बसंल."