आडापलीकडच्या खोल्या

न्हाई न्हाई, बसा हो शंकरभाऊजी, खोल्या काय पळून चालल्यात का—वकीलसाहेब हैद्राबादला निघालेत, खोल्या काय संगं नेत न्हाईत. चहा घ्या. अणदूरपासून गाडीत हाडं खिळखिळी झाली असतील. तर काय म्हणत होता—यंदा करडीला भाव बरा आला, पैसा हाताशी हाय, तर वकिलांच्या ह्या शेजारच्या खोल्या घ्याव्यात, किरायानं द्याव्यात, आणि मग जन्मभर अणदूरच्या ओट्यावर बसून पान खावं. व्वा. लई चांगला विचार. तुमच्या भावानंबी हाच केला होता. आता ते न्हाईत, खोल्या हायत आणि मी हाय—बघताय ना, गंगम्मा वहिनीचं कसं निवांत चाललंय ते.

शेत बरं हो. शेत निदान जेवताना दार वाजवून डोक्यावरचं धाबं गळतंय म्हणून सांगत न्हाई. किरायेदार कसा असतो ते मला विचारा. पहिल्या खोलीत निजामाच्या कचेरीतला कारकून. सरकारी माणूस, पगार ठरलेला—आपण खूश. आता किराया मागायला गेलं की तो उर्दूत सुरू होतो. मला कळतं किती? ‘जी’ एवढंच. तो बोलतो, मी जी जी म्हणते आणि माघारी येते. पुढं कळलं, की सबंध धाबं नव्यानं घालून द्यायला मी कबूल झालेय. दुसरीत कमलबाई सुईण. बाई सोन्यासारखी, किराया वेळेवर—पण अर्धं गाव तिच्या ओसरीवर कण्हत बसतं आणि पाणी तापवायचं मी. पाणी कुठून आणते? वकिलांच्या आडावरून, आणि कुठून—ते जाऊ द्या.

तिसऱ्या खोलीत आपले जंगमस्वामी. श्रावणात पुराण सांगायला आले, म्या म्हटलं महिनाभर राहा. एकटा जीव, दारू न्हाई, तंटा न्हाई, असा किरायेदार मिळतो कुठं? महिना सरला, स्वामी तिथंच. आता किराया मागायचा तर समोर जावं लागतं. समोर गेलं की पाया पडावं लागतं, पाय धुवावे लागतात, तीर्थ घ्यावं लागतं—आणि मग त्याच हातानं किराया मागायचा? आपल्यात कुणी गुरूकडं मागितलाय कधी? तुम्ही मागाल? न्हाई ना. मी दर महिन्याला मनाची तयारी करून जाते आणि दक्षिणा ठेवून येते. म्हणजे खोली माझी आणि किराया देणारीबी मीच. स्वामींचा काही दोष न्हाई, त्यांना वाटतं बाई लई भाविक.

तवा माझं ऐका. ढोकीकडं जमीन निघालीय म्हणतात, ती बघा. ह्या खोल्यांत काय हाय—पोपडे सुटलेल्या भिंती, वाळवीनं खाल्लेली दारं. आड तेवढा चांगला. चांगला म्हणजे—असाच आपला, उन्हाळ्यात आटत न्हाई एवढंच. माझ्या अंगणात आड? तुमच्या भावानं सुरुंग लावून बघितला, खडकाखाली खडकच निघाला. वकीलसाहेब भला माणूस, माझ्या किरायेदारांना भरू देत होता. नवा मालक कशाला भरू देईल? आणि पाणी न्हाई म्हटल्यावर इथं राहील कोण—उर्दूबी जाईल आणि सुईणबी जाईल. म्हणून म्या म्हटलं, पाटल्या मोडाव्या, आपणच बोलावं वकिलांशी—म्हणजे तसं काही न्हाई हो, बाईच्या मनातले विचार. मी तुमच्या भल्याचं सांगतेय. ह्या भानगडीत तुम्ही कशाला?

काय म्हणालात?

इसार दिला. सकाळीच. म्हणजे गाडी आधी वकिलांच्या दारात सोडलीत आणि माझ्याकडं नुसतं चहाला आलात. आणि मी तासभर खोल्या कशा वाईट ते सांगतेय—तुम्ही ऐकून घेतलंत, लई मोठं मन.

बरं झालं. घरातच राहिलं. आणि आडाला भिंत घालणार म्हणताय—व्हय, घालायलाच पाहिजे. तुमचे किरायेदार, तुमचं पाणी. साखर टाकू का अजून थोडी?

ऐका, खडावा वाजल्या. उठा भाऊजी, स्वामी आले. शरणार्थ म्हणा. वाका, चांगलं डोकं टेकवा. स्वामी, हे आमचे शंकरभाऊजी. शेजारच्या खोल्या आता ह्यांच्या झाल्या. अणदूरहून निघतानाच म्हणाले म्हणे, की पहिली खोली स्वामींच्याच पायांनी उघडायची. माझी ही अंधारी, त्यांची कशी हवेशीर, पूर्वेला दार. न्हाई न्हाई, महिनाभराचं काय घेऊन बसलात स्वामी, कितीबी दिवस राहा—व्हय ना हो भाऊजी? वर बघा की. बघा स्वामी, आनंदानं त्यांचं डोकं तुमच्या पायांवरनं उठंना.

एक मात्र हाय, भाऊजी. स्वामींच्या अंघोळीचं पाणी आजवर मी भरलंय, तो नेम मी मोडायची न्हाई. तवा भिंतीत एक दार ठेवा. स्वामींच्या नावानं घागर घेऊन येणाऱ्या बाईला तुम्ही काय अडवणार—आणि एका घागरीत कुठं अंघोळ होते.

या आता. बैल खोळंबलेत तुमचे.