खात्रीचं औषध

बागवाल्याला एका बाटलीतून दोन फायदे हवे होते: बागेतल्या अळ्या मराव्यात आणि मेहुण्याच्या मधमाश्या जगाव्यात, कारण त्या फुलांवर बसल्याशिवाय सफरचंद धरत नाही. फवारणीनंतर चार दिवसांनी दोघं, ती बाटली जिथून घेतली त्या औषधाच्या दुकानात तक्रार घेऊन रांगेत उभे होते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाने मान न वळवता कान मागे लावले होते.

"दाजी, या बाटलीतल्या कोळ्याच्या विषाने फक्त अळी मरते, माशीला धक्का लागत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"मी कुठे? बाटलीवर छापलंय. वाच की."

"माझ्या बारा पेट्यांपुढे माश्यांचा खच पडलाय. तो कोण वाचणार?"

"म्हणून तर आलोय. दुकानदाराला आज सोडत नाही."

"माप बरोबर घेतलंत?"

"थेंब इकडचा तिकडे नाही."

"टाकी?"

"तुझ्या बहिणीने दोनदा धुतली."

"आणि टाकीत दुसरं काही नाही ना घातलंत?"

"दुसरं कसलं... गेल्या वर्षीच्या बाटलीत तळाला औषध उरलं होतं, तेवढंच."

"दाजी!"

"अरे, कोळी तो केवढासा जीव! त्याच्या एकट्याच्या विषावर भिस्त कशी ठेवायची? जोडीला आपलं जुनं, खात्रीचं."

"ते खात्रीचं सगळ्यांनाच मारतं."

"अळ्या तर साफ झाल्या की नाही?"

"आणि फुलं?"

"फुलं भरगच्च आलीत."

"बोला, काय हवंय?" दुकानदाराने विचारलं.

"काही नको," मेहुणा म्हणाला. "चला, दाजी. माझ्या माश्या गेल्या, तुमचं यंदाचं फळ गेलं. आता फुलाफुलावर तुम्हीच बसा."