झांज एकदाच वाजते

व्हिएन्नात मैफलीचा खरा निकाल लागतो तो कोट परत घ्यायच्या रांगेत. आज माझ्यापुढे एक म्हातारेबुवा होते आणि त्यांच्यापुढे एक बाई.

"सिम्फनीचा दुसरा भाग संपल्यावर कोणीतरी टाळी वाजवली, ऐकलंत? चारही भाग होईपर्यंत हात आवरायचे असतात, एवढंही कळू नये?"

"मीच वाजवली."

"तुम्ही? अहो बाई, अख्खं सभागृह वळून बघत होतं!"

"बघू दे की. झांज माझ्या मुलानं वाजवली होती."

"पण झांज तर सबंध सिम्फनीत एकदाच वाजली!"

"एकदाच असते ती. तोवर एवढ्या लोकांसमोर नुसतं बसून राहायचं, मग उठायचं आणि त्या एका क्षणाला चुकायचं नाही. जमेल तुम्हाला?"

"नाही बुवा."

"मग कशी वाजली ते सांगा."

"खरं सांगू? अंगावर काटा आला. उभा जन्म इथे येतोय, पण अशी झांज ऐकली नव्हती."

"आणि तरी हात आवरून बसलात!"

"बरं बाई, हरलो."

"तो बघा, आलाच माझा पोल्डी."

"आई, चल. आणि मधेच टाळी कोणी वाजवली गं? आमचे सगळे अजून हसतायत."

"मी वाजवली, बाळा. म्हातारा माणूस, राहवलं नाही."

"काहीतरीच काय! खोटं बोलतायत हे, पोल्डी. ती टाळी माझी होती."